वेस्तीची उंची

"टाचा टेकव," मी म्हणाले. "डोकं भिंतीला लाव आणि समोर बघ."

वेस्तीने टाचा टेकवल्या. अंगणवाडीच्या ओट्यावर, दाराशेजारच्या भिंतीला आम्ही उंची मोजायची लाकडी पट्टी ठोकली होती. मी वरची सरकती फळी हळूहळू खाली आणून तिच्या केसांना टेकवली. एकशे बेचाळीस सेंटिमीटर आणि वर थोडं. उंची तीनदा मोजायची असा नियम होता. दुसऱ्यांदाही तेवढीच भरली. तिसऱ्यांदा फळी खाली येताना तिने श्वास रोखला आणि टाचा बोटभर उचलल्या. मला ते दिसलं. मला दिसलं हे तिलाही कळलं. ती तशीच समोर बघत उभी राहिली, मान ताठ ठेवून.

मी वहीत लिहिलं : एकशे पंचेचाळीस पूर्णांक दोन.

या गोष्टीला अठरा वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. शहाद्याजवळच्या एका गावात वाढलेली, गृहविज्ञानाची पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलेली. पुण्याच्या एका संस्थेने सातपुड्यातल्या पाड्यांवर गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला आणि मला त्यात नोकरी लागली. अभ्यास समजायला सोपा होता. निम्म्या पाड्यांवरच्या गरोदर बायकांना रोज एक लाडू द्यायचा. शेंगदाणे, गूळ, दुधाची पावडर आणि जीवनसत्त्वांची पूड घातलेला. उरलेल्या पाड्यांवर सरकारचा नेहमीचा आहार चालू ठेवायचा. मूल जन्मलं की तीन दिवसांच्या आत जाऊन त्याचं वजन करायचं आणि लाडवाने किती ग्रॅमचा फरक पडतो ते बघायचं.

एकशे पंचेचाळीसपेक्षा बुटक्या बाईला अभ्यासात घ्यायचं नाही, असं आमच्या नियमांत होतं. बुटक्या आईचं मूल मुळातच लहान असतं, त्याने हिशेबात गोंधळ होतो, हे त्याचं एक कारण. दुसरंही एक कारण होतं. ते मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं आणि पाठही होतं, पण त्या दिवशी मी ते मनात येऊ दिलं नाही.

तेव्हा माझ्या मनात काय होतं, तेही सांगते. केवडीपाड्यावरून मला तीस बायका नोंदवायच्या होत्या आणि सत्तावीसच मिळाल्या होत्या. पण केवळ तेवढ्यासाठी मी तो आकडा लिहिला असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. वेस्ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. पहिलटकरीण, चौथा महिना, वजन अडतीस किलो. दंडाला टेप गुंडाळली तर तो माझ्या मनगटाएवढा भरला. तिच्याआधी रांगेतल्या दोघींना परत पाठवलेलं तिने पाहिलं होतं. तिला लाडू हवा होता. आणि मला तो तिला द्यायचा होता. आपण एका भुकेल्या पोरीवर उपकार करतोय असं मला वाटलं, आणि ते वाटणं इतकं सुखाचं होतं की वहीतल्या खोट्या आकड्याचं काहीच वाटलं नाही.

लाडू अंगणवाडीत येऊन, मदतनिसीच्या डोळ्यांदेखत खायचा असे. घरी न्यायला बंदी होती, कारण घरी गेलेला लाडू सगळ्या घरात वाटला जातो. वेस्ती पहिल्या महिन्यात अर्धा लाडू खाई आणि अर्धा पदराच्या गाठीत बांधून नेई. मदतनिसीने मला सांगितलं तेव्हा मी वेस्तीला बाजूला घेऊन विचारलं. नवरा दिवसभर दगड फोडतो, सासू रानातून मोळ्या आणते, मी एकटीने गोड कसं खाऊ, असं ती म्हणाली. मी तिला समजावलं, मग थोडी रागावले. त्यानंतर ती पूर्ण लाडू खाऊ लागली. खाताना कोणाकडे बघत नसे.

दर महिन्याला मी तिचं वजन करी. सहाव्या महिन्यात ती बेचाळीस किलो झाली. गालांवर जरा तकाकी आली. ती काट्यावरून उतरताना मला आकडा विचारी आणि मी सांगितला की तोंडावर हात ठेवून हसे.

सातवा महिना लागला आणि वेस्ती अंगणवाडीत यायची थांबली. चार दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेले. केवडीपाडा म्हणजे डोंगराच्या एका सोंडेवर विखुरलेली दीड-दोनशे घरं, आणि वेस्तीचं घर सगळ्यांत वर. रस्त्यापासून पाड्यापर्यंत आठ किलोमीटरची पायवाट होती. गाडी खालीच सोडावी लागे.

घरी तिची सासू ठुमलीबाई दारात ज्वारी पाखडत बसली होती. पन्नाशीची, सडसडीत, कमी बोलणारी बाई. पाड्यावरची निम्मी मुलं तिच्या हातांवर जन्मलेली. मी पावरी बोली शिकले होते, पण मोडकीतोडकी. तिला मराठी समजे. त्यामुळे आमचं बोलणं अर्धं तिच्या बोलीत, अर्धं माझ्या भाषेत चालायचं. इथे मी ते मराठीतच सांगते.

तिने सूप खाली ठेवलं नाही. सुनेला आता लाडू नको, भाकरीही कमीच देते, असं ती शांतपणे म्हणाली. शेवटचे तीन महिने बाईने पोट हलकं ठेवायचं असतं. तिच्या सासूने तिला तसंच ठेवलं होतं आणि तिने स्वतःच्या दोन्ही मुलींना तसंच ठेवलं. मी म्हटलं, मावशी, त्यानेच तर मुलं हडकुळी जन्मतात आणि पहिल्या पावसाळ्यात खोकल्याने जातात.

"जातात," ती म्हणाली. "मूल जातं. आई राहते. आई राहिली तर दुसरं होतं."

ती पुढे म्हणाली, "पोर बुटकी आहे. वाट लहान आहे. मूल मोठं झालं तर वाटेत अडकेल. मग मी काय करू? माझ्याकडे हात आहेत, दुसरं काय आहे?"

माझं उत्तर ठरलेलं होतं, प्रशिक्षणात घोटून घेतलेलं. लाडवाने मूल काही दैत्य होत नाही, शे-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो, पण तेवढ्याने ते जगतं. हे सगळं खरं होतं, आजही खरं आहे. मी ते तासभर सांगत राहिले. वेस्ती आत चुलीशी बसून ऐकत होती. शेवटी ठुमलीबाईने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, अडकलंच तर?

"मी आहे ना," मी म्हणाले. "नववा लागला की मी इथेच मुक्कामाला येते. काही झालं तर खाली गाडी उभी असेल. मी स्वतः घेऊन जाईन तिला."

ठुमलीबाई आतल्या बाजूला तोंड करून सुनेला म्हणाली, उद्यापासून जा.

तो माझा मोठाच विजय होता. महिन्याच्या अहवालात मी त्यावर पानभर लिहिलं. आमच्या अभ्यासाच्या प्रमुख डॉ. नीलिमा दाबके यांनी तो अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवला. दाबके मॅडम फारशा कोणाचं कौतुक करत नसत. पन्नाशी उलटलेली बाई, पायांत कॅनव्हासचे बूट, आमच्याबरोबर डोंगर चढणारी. त्यांनी कौतुक केलं तेव्हा माझे कान गरम झाले.

नवव्या महिन्यात वेस्तीचं वजन शेहेचाळीस किलो भरलं. आमच्या सगळ्या पाड्यांत कोणाचं इतकं वाढलं नव्हतं.

आता ते दुसरं कारण सांगते. एकशे पंचेचाळीसपेक्षा कमी उंचीच्या बाईचं कमरेचं हाड बहुतेक वेळा अरुंद असतं आणि बाळंतपण अडण्याचा धोका मोठा असतो. म्हणून अशा बाईला अभ्यासातून वगळलं की तिचं नाव आम्ही त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्राच्या नर्सला कळवायचं, असं ठरलेलं होतं. नर्सच्या जोखमीच्या यादीत नाव चढलं की त्या बाईला दिवस भरायच्या आठ दिवस आधी तालुक्याला नाही, थेट जिल्ह्याच्या रुग्णालयात नेऊन ठेवत, कारण शस्त्रक्रियेची सोय तिथेच होती. परत पाठवलेल्या बायकांना लाडू मिळत नव्हता, पण ही यादी मिळत होती. वेस्तीची उंची वहीत एकशे पंचेचाळीसच्या वर होती. ती कुठल्याच यादीत नव्हती.

मी हे विसरले नव्हते. नर्सला बाजूला घेऊन आपण तोंडी सांगू, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पण त्या महिन्यात नर्स रजेवर होती. मग तिची बदली झाली. नवीन नर्स यायला दोन महिने गेले. ती आली तोवर वेस्ती काट्यावर हसू लागली होती, आणि सांगायचं म्हटलं तर खोटा आकडा का लिहिला हेही सांगावं लागणार होतं. ठुमलीबाईला दिलेल्या शब्दाने माझं मन शांत झालं. मी स्वतः असणार, मग यादी कशाला हवी?

जानेवारीत शहाद्याला दोन दिवसांची बैठक ठरली. वेस्तीचे दिवस भरायला माझ्या हिशेबाने बारा दिवस बाकी होते. मी पाड्यावरचा मुक्काम सोडून बैठकीला गेले. बुधवारी पहाटे परत निघाले आणि थंडी ओसरेपर्यंत पायवाटेला लागले होते. पिशवीत बाळाचं वजन करायचा काटा होता, कारण वरच्या पाड्यावर आणखी एक बाळंतीण होती.

वाटेतच पाड्यावरची एक बाई भेटली. ती मला बघून थांबली आणि म्हणाली, लवकर चाल, वेस्तीला कालच्या दुपारपासून कळा येतायत.

मी पोचले तेव्हा घरात धूर होता आणि वेस्ती छताच्या आढ्याला बांधलेल्या दोराला धरून उकिडवी बसली होती. ठुमलीबाई तिच्या मागे, तिची पाठ आपल्या छातीला लावून. ठुमलीबाईचे ओठ पांढरे पडले होते. तिने मला विचारलं नाही, तू कुठे होतीस. एवढंच म्हणाली, "डोकं दिसत नाही. कालपासून तिथेच आहे."

वेस्तीचा नवरा सायसिंग आणि तीन पुरुषांनी बांबूला गोधडी बांधून झोळी केली. आम्ही उतरायला लागलो. एरवी दीड तासाची ती वाट त्या दिवशी तीन तासांची झाली. खांदे बदलायला थांबलं की मी झोळीशी वाकून वेस्तीच्या तोंडात पाणी घाले. कळ आली की ती बांबू धरी आणि कळ गेली की डोळे मिटे. एकदा, ओढ्याशी थांबलो असताना, तिने मला जवळ यायची खूण केली. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"बाई, मी टाचा उचलल्या होत्या."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"कोणाला सांगू नको. लाडू बंद करतील."

मी मान हलवली. पुरुषांनी झोळी उचलली.

रस्त्यावर जीप होती. तालुक्याच्या रुग्णालयात पोचायला दोन वाजले. तिथल्या तरुण डॉक्टरने तपासलं, हात धुतले आणि कागद पुढे ओढून मला प्रश्न विचारू लागला. कितवी खेप, कळा कधीपासून, उंची किती?

"एकशे बेचाळीस," मी म्हणाले.

त्याचं लिहिणं थांबलं. "मग ही आठ दिवसांपूर्वीच जिल्ह्याला जायला हवी होती. यादीत नव्हती का?"

मी म्हणाले, नव्हती. त्याने का म्हणून विचारलं नाही. त्याला घाई होती, आणि त्याच्याकडे भूल देणारा डॉक्टर नव्हता. त्याने वेस्तीला सलाइन लावून रुग्णवाहिकेत घातलं. आणखी अडीच तास. सायसिंग तिच्या पायांशी बसला होता, दोन्ही हातांनी तिच्या घोट्यांना धरून, जणू गाडीच्या हिसक्याने ती खाली पडेल. ठुमलीबाई डोक्याशी. मी मागच्या दाराला टेकून.

जिल्ह्याच्या ठिकाणी तिला लगेच आत घेतलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. जरा वेळाने एका नर्सने बाळ गुंडाळून बाहेर आणलं. मुलगी होती. मी माझी ओळख सांगितली आणि म्हणाले, वजन मला करू द्या, आमच्या अभ्यासाचा काटा आहे.

मी काटा सपाट फरशीवर ठेवला. शून्य जुळवलं. बाळ ठेवलं. तीन हजार एकशे पन्नास ग्रॅम. आमच्या पाड्यांवर सरासरी बाळ अडीच किलोच्याही खाली भरायचं. मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा तेवढंच. आणि मला आनंद झाला. वेस्ती अजून आत टेबलावर होती, तिचं काय चाललंय हे मी विचारलंही नव्हतं, आणि तो आकडा बघून माझ्या छातीत काहीतरी उसळलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

वेस्तीचा रक्तस्राव थांबला नाही. सव्वा दिवस कळा सोसलेली गर्भपिशवी आकसेना, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. सायसिंगचं रक्त जुळलं, ते दिलं. आणखी एक बाटली मिळाली, तीही दिली. गुरुवारी सकाळी साडेसात वाजता ती गेली. शुद्धीवर आलीच नाही. बाळ तिने पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात केवडीपाड्यावरच्या अकरा गरोदर बायकांनी लाडू खाणं बंद केलं. लाडवाने मूल मोठं झालं आणि मोठ्या मुलाने आईला मारलं, हे सगळ्या डोंगरावर पसरलं. शेजारच्या दोन पाड्यांवरूनही लाडवांचे डबे भरलेले परत येऊ लागले.

दाबके मॅडम पुण्याहून आल्या. जीपने पायवाटेच्या तोंडाशी आलो, चालक चहा प्यायला उतरला, आणि मॅडम मला म्हणाल्या की आज बायकांच्या सभेत तू बोलायचंस, त्या बायका तुझं ऐकतात. हे बाळंतपण लाडवाने अडलेलं नाही हे त्यांना पटलं पाहिजे. लाडवाने वाढणार फार तर शंभर ग्रॅम. अडायचं ते पावणेतीन किलोलाही अडलं असतं. मला फक्त एवढंच कळत नाही, त्या म्हणाल्या, की पंचेचाळीसच्या वर उंची असून इतकं का अडावं.

"तिची उंची बेचाळीस होती," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. टाचा, नर्स, शब्द. फक्त काट्याची गोष्ट सांगितली नाही. मॅडम समोरच्या काचेकडे बघत ऐकत होत्या. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग ती अभ्यासात नव्हतीच."

मला कळलं नाही.

"अपात्र बाईला चुकून घेतलं असेल तर तिची नोंद काढावी लागते. मी अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीला कळवीन. बाळाचं वजनही धरता येणार नाही."

"आणि तिचा मृत्यू?"

"तोही." त्यांनी चष्मा लावला. "मला हे आवडतंय असं समजू नकोस, मंजूषा. पण नियम तोच आहे."

तसंच झालं. दोन वर्षांनी अभ्यासाचा शोधनिबंध छापून आला. लाडवाने जन्मवजन थोडं पण नक्की वाढतं, असा निष्कर्ष होता, आणि तो बरोबर होता. मातामृत्यूच्या रकान्यात शून्य होतं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : अपात्र आढळल्याने वगळलेल्या स्त्रिया, एक. मी खोटा आकडा लिहून तिला आत घेतलं होतं आणि खरा आकडा सांगून बाहेर काढलं.

पण त्या दिवशीचं पुढचं सांगायचं राहिलं. मी मॅडमना म्हणाले, आधी मला एकटीला वर जाऊ द्या. त्यांनी जाऊ दिलं. पिशवीत दुधाच्या पावडरचे दोन डबे होते आणि काटा होता, बाळाचं वजन बघायला.

ठुमलीबाई दारात बसली होती. मांडीवर बाळ, शेजारी वाटीत शेळीचं दूध. कापडाची वात दुधात बुडवून ती बाळाच्या ओठांत पिळत होती. सायसिंग घरात नव्हता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, मावशी, लाडवाने नाही झालं हे. मग तिला कळेल अशा शब्दांत मी यादीचं सगळं सांगितलं. बुटक्या बायांना आधीच दवाखान्यात नेतात. वेस्तीला नेलं असतं. मी ती बुटकी असल्याचं लपवलं म्हणून नेलं नाही.

ठुमलीबाईचा हात थांबला नव्हता. वात दुधात, वात ओठांत. शेवटी तिने विचारलं, "ती बुटकी आहे हे मी तुला सांगितलं होतं ना?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला तासभर समजावत होतीस."

ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. बाळ वात चोखता चोखता थकून झोपलं. चोखण्यात जोर नव्हता. मी पिशवीतून काटा काढायला लागले, तर ठुमलीबाई म्हणाली, "ते ठेव."

मी काटा परत आत ठेवला.

"हिला तोलायचं नाही. हातात घे, आणि सांग."

तिने बाळ माझ्या हातांवर दिलं. मी त्या डोंगरात चारशेच्या वर मुलं तोलली होती, पण असं नुसतं हातांवर घेऊन कोणतंच मूल इतका वेळ धरलं नव्हतं. पायांची कातडी सैल झाली होती. टाळू खोल गेली होती. जन्माच्या दिवशी फरशीवरून उचलताना जे हातांना लागलं होतं, त्यातलं बरंच कमी झालं होतं. ठुमलीबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. चांगली आहे, दूध पाजत राहा, असं म्हणून मला उठता आलं असतं.

"हलकी झालीय," मी म्हणाले. "खूप हलकी. शेळीच्या दुधावर ही जगणार नाही. आजच खाली न्यायला हवी."

ठुमलीबाई उठली. तिने पदर कमरेला खोचला, बाळ माझ्याकडून घेऊन छातीशी बांधलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाली, चाल.

मॅडम खाली जीपपाशी उभ्या होत्या. आम्हाला दोघींना उतरताना बघून त्यांनी न विचारता मागचं दार उघडलं. त्या दिवशी बायकांची सभा झाली नाही. पुढे ती दुसऱ्या कोणीतरी घेतली. सहा-सात जणींनी लाडू पुन्हा सुरू केला, बाकीच्यांनी नाही.

बाळाला कुपोषित मुलांच्या कक्षात ठेवलं. मी नोकरीचा राजीनामा दिला होता, पण ते सव्वीस दिवस मी तिथेच राहिले. ठुमलीबाई पलंगाखाली चटई टाकून झोपायची. रोज सकाळी नर्स बाळाला तिथल्या काट्यावर ठेवी आणि आकडा मोठ्याने सांगे. ठुमलीबाई तिच्याकडे बघत नसे. ती मान वळवून माझ्याकडे बघे. मग मी काट्याजवळ जाऊन वाकून स्वतः वाची आणि तिला सांगे. चाळीस ग्रॅम वाढली. दहा वाढली. आज काही नाही. आज कमी झालीय, तीस. कमी झाल्याचं सांगितलं की तिचा चेहरा ओढला जाई, पण ती मान डोलावून पुन्हा वाटी-चमचा हातात घेई. तिसऱ्या आठवड्यात बाळ चमच्याला तोंड पुढे करायला लागलं.

मुलगी जगली. निघायच्या दिवशी सायसिंग त्यांना न्यायला आला. त्याने नवीन टोपरं आणलं होतं. ते बाळाच्या डोक्यावरून सारखं घसरत होतं आणि तो सारखं वर करत होता. मी बसस्टँडपर्यंत पिशव्या घेऊन गेले. दुधासाठी उकळलेलं पाणी किती, पावडर किती, हे मी ठुमलीबाईला आणखी एकदा सांगितलं. तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मग स्वतः म्हणून दाखवलं. चुकलं नाही.

बस लागली. सायसिंग बाळाला घेऊन आत गेला. ठुमलीबाई पायरीवर एक पाय ठेवून मागे वळली.

"आता पाड्यावर येऊ नको," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मी होकारार्थी मान हलवली. बस निघाली आणि मी फलाटावर उभी राहिले.

मी परत गेले नाही.